शाळेतली मूल्यशिक्षण समिती माझ्या गळ्यात पडली आहे, भिंतीवरच्या सुविचारांपलीकडे काय करता येईल?

मानेवाडा_मॅडम

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते, पाचवी ते आठवी, मराठी आणि इतिहास. सत्र संपताना शेवटच्या मीटिंगमध्ये मुख्याध्यापक म्हणाले की पुढच्या वर्षी मूल्यशिक्षण जोरात घ्यायचं, शाळेचं वातावरण बदललं पाहिजे, समिती करू आणि मॅडम तुम्ही प्रमुख. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण काम आपल्यावरून टळलं ना. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून विचार करायला थोडा वेळ आहे, त्यासाठीच इथे विचारतेय.

सध्या काय आहे ते सांगते. परिपाठ रोज होतो, प्रार्थना, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा सगळं नेमाने. जिन्याच्या भिंतीवर दहाही मूल्यं ऑइल पेंटने लिहिलेली आहेत, राष्ट्रभक्तीपासून नीटनेटकेपणापर्यंत. आणि त्याच जिन्यात "संवेदनशीलता" या पाटीखाली सातवीतल्या एका बुटक्या पोराला रोज मधल्या सुट्टीत "अर्धी तिकीट, अर्धी तिकीट" करून रडवतात. आठवीतल्या पोट्ट्यांनी वर्गातल्या एका मुलीच्या फोटोचं व्हॉट्सॲप स्टिकर बनवलं आणि ते चार ग्रुपवर फिरलं. घटक चाचणीत कॉपी तर इतकी सहज चालते की हुशार पोरं पण करतात, आणि विचारलं तर म्हणतात मॅडम सगळेच करतात. पोरं वाईट आहेत असं मला अजिबात वाटत नाही हं. हीच पोरं वर्गातल्या मुलाचे वडील वारले तेव्हा स्वतःहून पैसे गोळा करून त्याच्या घरी गेली होती.

मला बोधकथांच्या पुस्तकांची यादी नको आहे, पाहुणे वक्ते नकोत, शिबिर नको. बजेट शून्य आहे. वेळ म्हणजे परिपाठाची काही मिनिटं आणि आठवड्याची एक तासिका, ती पण गणिताचे सर मागून नेतात. ज्यांनी शाळेत प्रत्यक्ष काही करून पाहिलंय त्यांनी सांगा, पालक असाल तरी चालेल.

इतवारी_एक्स्प्रेस

मॅडम, अभिनंदन करू का सांत्वन करू तेच समजून नाही राहिलं 😄

मी पालक आहे, माझा अनुभव ऐका. पोट्ट्याच्या शाळेत मूल्य सप्ताह झाला. सोमवारी प्रामाणिकपणा, मंगळवारी दया, बुधवारी शिस्त असं टाइमटेबल लावलं होतं. मंगळवारी सकाळी पोट्टा मले विचारते, पप्पा प्रामाणिकपणा काल संपला ना? अन् त्यातच चार्ट स्पर्धा ठेवली, विषय "मी प्रामाणिक". चार्ट त्याच्या आईनं रात्री अकरा वाजता बसून बनवला, स्केच पेन आणायले मी सक्करदऱ्यापर्यंत जाऊन आलो, अन् आमच्या चार्टले पहिला नंबर भेटला. टीचरले माहीत, आमाले माहीत, पोट्ट्याले माहीत. सर्टिफिकेट अजून फ्रिजवर लावून आहे.

तर माझी एकच विनंती, काही बी करा पण चार्ट नका करायले लावू. घरी ज्या दिवशी चार्ट येते त्या दिवशी सगळी मूल्यं खिडकीतून बाहेर जातात.

निवृत्त_हेडसर

मॅडम, तुमचा प्रश्न आवडला कारण तुम्ही जिन्याखालचं पाहिलं, भिंतीवरचं नाही.

मी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये बरीच वर्षं काढली, शेवटी मुख्याध्यापक म्हणून. माझं मत असं की नवीन काही सुरू करण्याच्या आधी वर्गात रोज चालणाऱ्या ज्या बारीकसारीक व्यवस्था आहेत त्या एकदा नीट बघा, कारण पोरं वागायला तिथेच शिकतात, तासिकेत नाही. एकच उदाहरण देतो, मॉनिटर. शिक्षक वर्गात नसले की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो आणि बोलणाऱ्यांची नावं लिहितो. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, अजून बोललं की अजून एक फुली. सर आले की फुल्या मोजून शिक्षा. आपण सगळे यातूनच मोठे झालो म्हणून यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण एकदा मी व्हरांड्यात उभा राहून बराच वेळ हे पाहिलं. मॉनिटरचे दोन दोस्त मागच्या बाकावर खुशाल गप्पा मारत होते, त्यांचं नाव नाही. एका मुलीने शेजारणीला रबर मागितला, तिचं नाव आलं. मग एक पोरगा हळूच उठला, मॉनिटरच्या हातात चिंचेची गोळी ठेवली आणि स्वतःचं नाव बोटाने पुसून जागेवर जाऊन बसला. आता सांगा, त्या अर्ध्या तासात त्या वर्गाने काय काय शिकून घेतलं? वशिला कसा लावायचा, लाच कशी द्यायची, चुगली कशी करायची, आणि ज्याचं कोणीच नाही त्याने गप कसं बसायचं. हे सगळं शिकून झाल्यावर आपण त्यांना नागरिकशास्त्र शिकवतो.

आम्ही नावं लिहिणं बंद केलं. मॉनिटर ठेवला, पण दर आठवड्याला हजेरीपटाच्या क्रमाने, म्हणजे सगळ्यांची पाळी येणार, हुशारही, मागच्या बाकावरचाही. त्याच्याकडे पकडण्याचं एकही काम नाही. कोण गैरहजर आहे आणि का ते विचारायचं, आजारी असेल तर त्याचा अभ्यास कोण नेऊन देणार ते ठरवायचं, पंखा-लाइट बंद करायचे, शुक्रवारी शेवटी दोन मिनिटं उभं राहून सांगायचं की या आठवड्यात कोणी मदत केली. सुरुवातीचे काही आठवडे गोंधळ भरपूर झाला हेही सांगतो, शेजारच्या वर्गाचे सर तक्रार घेऊन आले, दोन शिक्षक तर माझ्यावर नाराजच झाले. पण गैरहजर पोराच्या घरी कोणीतरी जाऊन येऊ लागलं, आणि ज्या पोराला आजवर कोणी कसलीच जबाबदारी दिली नव्हती ते पोरगं पाळी आली की सकाळी गेट उघडायच्या आधी येऊन उभं राहायचं.

दुसरं, प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी. तुम्हीही भरत असाल. "नियमित शाळेत येतो", "इतरांना मदत करतो", "वडीलधाऱ्यांचा आदर करतो", पीडीएफमधून उचलून साठ पोरांना आलटून पालटून. निदान तुमच्या वर्गापुरती प्रत्येक पोराबद्दल एक तरी खरी ओळ लिहा, जी फक्त त्यालाच लागू पडेल, आणि पालकसभेत ती वाचून दाखवा. पैसा लागत नाही, पण पोराकडे बघावं लागतं.

रोखठोक_पालक

सॉरी पण तुम्ही सगळे मूळ मुद्दा टाळून राहिले. आमच्या वेळी सर आले की जिना रिकामा व्हायचा. छडी गेली अन् शिस्त गेली. आता शिक्षकच पोरांना घाबरतात, पालक मोबाइल काढून शूटिंग करतात. आधी धाक आणा मग मूल्यं.

निवृत्त_हेडसर

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी, त्यामुळे छडीवर चर्चा करायला जागाच नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी जिना रिकामा व्हायचा म्हणजे पोरं विहिरीमागे जाऊन तेच करायची, मी त्याच जमान्यातला विद्यार्थी आहे. शिक्षकाला पाठिंबा मिळत नाही हे मात्र तुमचं खरं आहे, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

मानस_पाटी

सायकॉलॉजीत एमए आणि मग बीएड केलंय, सध्या कौन्सेलर म्हणून दोन शाळांत जाते. हेडसरांनी जे सांगितलं त्याला अभ्यासाचा पण आधार आहे म्हणून थोडं लिहिते, लांबलं तर माफ करा.

अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी १९२८ ते १९३० मध्ये चारित्र्याच्या अभ्यासाचे खंड छापले. सुमारे अकरा हजार मुलांना त्यांनी अशा परिस्थितीत ठेवलं जिथे फसवणूक करता येईल, खोटं बोलता येईल, पैसे ठेवून घेता येतील. पोरांचे "प्रामाणिक" आणि "अप्रामाणिक" असे दोन सरळ गट पडतील असं वाटलं होतं, ते काही पडले नाहीत. एकच पोरगं एका ठिकाणी फसवतं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, आणि पकडलं जाण्याची भीती किती, बाकीचे काय करतात यावर खूप काही अवलंबून असतं. म्हणून मॅडम, "सगळेच करतात" हे तुमच्या पोरांचं वाक्य मला बहाणा वाटत नाही, ती त्यांच्या वर्गाची खरी माहिती आहे.

कॉपीचं बघायचं तर आधी घटक चाचणीच बघा ना. वीस मार्कांची चाचणी, एका बाकावर तिघे, प्रश्न गाइडमधलेच, आणि कमी मार्क आले की सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवतात. अशात कॉपी न करणारा पोरगा म्हणजे संतच म्हणायचा. एक चाचणी पुस्तक उघडं ठेवून घ्या, मार्क मोठ्याने वाचणं बंद करा आणि काय फरक पडतो बघा.

दुसरं, तयार कार्यक्रमांवर फार भरवसा ठेवू नका. अमेरिकेच्याच शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये एक मोठा अहवाल काढला, प्राथमिक शाळांतले सात वेगवेगळे चारित्र्य आणि सामाजिक विकासाचे कार्यक्रम, तिसरी ते पाचवी पोरांचा पाठपुरावा. सरासरी काढली तर मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसलीच नाही. याचा अर्थ काहीच उपयोग नाही असा मी घेत नाही, पण पाकीट विकत आणलं आणि तासिका भरली एवढ्याने होत नाही एवढं तरी नक्की. आपल्याकडचं मूल्यवर्धन, म्हणजे शाळांतला मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम, त्या मानाने वेगळं आहे, २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाचशे जिल्हा परिषद शाळांत सुरू झालं, त्यात भाषण कमी आणि जोडीत, गटात बसून बोलणं जास्त. तुमच्या शाळेत कोणाचं ट्रेनिंग झालं असेल तर त्या उपक्रम पुस्तिका कपाटात असतील, शोधा.

आणि अर्धी तिकीटवाल्या पोरासाठी. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळेतली चिडवाचिडवी, दादागिरी थांबवायला "किवा" नावाचं काम उभं केलं, २००९ पासून ते देशभरच्या शाळांत नेलं. त्यांचा सगळा भर बघ्यांवर आहे. चिडवणारे दोन-तीनच असतात हो, पण हसणारे पंधरा असतात, आणि चिडवणाऱ्याला ते हसू हवं असतं. तुम्ही त्या दोघांना झापलं तर ते अजून हिरो होतात. त्यापेक्षा वर्गात ज्यांचं ऐकलं जातं अशी तीन-चार पोरं हेरा, त्यांना एकेकट्याला बोलवा, उपदेश काही नको, फक्त एवढंच विचारा की त्या मुलाचे मधल्या सुट्टीतले हाल तू पाहिलेस, तुला काय करता येईल? डबा त्याच्यासोबत खाईन म्हणाला तरी बास. त्या मुलाला मात्र सगळ्यांसमोर उभं करून "याला चिडवू नका" असं कधीच म्हणू नका, त्याचं मरण होतं.

इंदोरा_चौक

वर सगळं छान चाललंय पण एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. मूल्यशिक्षण म्हटलं की कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये कोणीतरी जपानचा व्हिडिओ दाखवते, तिथली पोरं शाळा झाडतात, आपण पण करू, श्रमप्रतिष्ठा. करा ना, चांगलंच आहे. पण आपल्याकडे झाडू कोणाच्या हातात जाते ते पण पाहा. मी ज्या शाळेत शिकलो तिथे पाळी सगळ्यांची होती कागदावर, पण संडासात पाणी टाकायला नेहमी आमच्याच वस्तीतल्या दोन-तीन पोरांना पाठवायचे. "तुम्हाला सवय आहे" असं एक बाई अगदी प्रेमाने म्हणायच्या. नववीपर्यंत मी ते केलं. त्या बाई परिपाठात समतेवर फार सुंदर बोलायच्या बरं का.

तर मॅडम, सफाई ठेवायची असेल तर पाळीपत्रकात पहिलं नाव मुख्याध्यापकांचं टाका, दुसरं तुमचं, मग पोरं चिठ्ठ्या टाकून. मुली झाडणार अन् मुलं बाक उचलणार हे पण नको. आणि संडास साफ करणं हे पोरांचं काम नाही, त्यासाठी शाळेने माणूस ठेवायचा, त्याला वेळेवर पगार द्यायचा, आणि त्या माणसाला पोरांनी काका म्हणून हाक मारायची की नुसतं "ए" करायचं, ते स्टाफ कशी हाक मारते त्यावर ठरते.

सेवाग्राम नागपूरपासून लांब नाही, समितीला घेऊन एकदा आनंद निकेतन शाळा बघून या. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली, त्या वाटेने चालणारी शाळा आहे ती. तिथे बागेचं, स्वयंपाकाचं काम हा शिकण्याचाच भाग आहे, शिक्षा म्हणून किंवा फोटो काढायला नाही.

आणि परिपाठात उद्देशिका म्हणता असं लिहिलं तुम्ही. ही गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली, २००५ मध्ये ई. झेड. खोब्रागडे जिल्हा परिषदेचे सीईओ होते तेव्हा इथल्या शाळांत उद्देशिकेचं वाचन सुरू झालं, देशपातळीवर संविधान दिन आला तो २०१५ मध्ये. पण पोरं ती पाढ्यासारखी म्हणतात. एखाद्या तासिकेला "बंधुता" एवढा एकच शब्द घ्या अन् विचारा, काल मधल्या सुट्टीत जिन्यात बंधुता होती का? सातवीचा वर्ग आहे, तुम्हाला उत्तर देईल.

बुधवारी_बाजार

मॅडम तुम्ही नागपुरात आहात अन् मारबत विसरल्या का 😀

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते ना ती. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते, अन् सोबतचे पुतळे म्हणजे बडगे दरवर्षी कशाचे असतात? महागाईचा, भ्रष्टाचाराचा, जे लोकांना छळून राहिलं त्याचा. आमच्या ताईच्या शाळेत (प्राथमिक आहे, नाव सांगत नाही) पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक वर्ग आपला बडग्या बनवते. जुने पेपर, तुटके खराटे, फाटकं पोतं, बस. अट एकच, बडग्या माणसाचा नाही करायचा, वर्गाला छळणाऱ्या सवयीचा करायचा. तो कशाचा करायचा त्यावर दोन दिवस भांडण होते, तीच खरी मजा आहे. चौथीच्या पोरांनी "डबा हिसकणं" याचा बडग्या केला होता, पोटात सगळे रिकामे डबे भरले होते. तिसरीच्या पोरींनी "तू आमच्यात नाही" याचा केला. मग मैदानावर फेरी, "तू आमच्यात नाही घेऊन जा गे मारबत!" असं सगळी शाळा ओरडते, शिपाईकाका पण.

एक सावध करते, एका वर्षी पाचवीवाल्यांनी बडग्याला एका सरांसारखाच चष्मा लावला अन् तशीच मिशी काढली. सर खिलाडू होते म्हणून निभावलं, पण अट आधीच स्पष्ट सांगा. अन् जाळू नका, धूर होते, शेवटी सगळं कागद-पोतं वेगळं करून भंगारवाल्याला देतात ते.

तुमच्या सातवीला "टोपणनाव" याचा बडग्या सुचवू नका हं, त्यांनाच सुचू द्या, नाही तर तो मॅडमचा बडग्या होईल.

मानेवाडा_मॅडम

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. इतवारी भाऊ, चार्ट रद्द, शब्द देते.

मॉनिटरचं वाचून मी गप्पच झाले, आमच्याकडे अगदी हेच आहे, फुल्यांसकट. हे मी पहिल्याच आठवड्यात सातवी आणि आठवीत सुरू करणार, त्याला मुख्याध्यापकांची परवानगी पण लागत नाही. बडग्या तर करायचाच, पोळ्याला अजून वेळ आहे. सफाईच्या पाळीपत्रकात मुख्याध्यापकांचं नाव पहिलं टाकायचं म्हणजे जरा धाडसाचं काम आहे, पण समिती त्यांनीच केली आहे तर बघू काय म्हणतात. सगळं एकदम नाही करणार, नाही तर ऑगस्टपर्यंत मीच आजारी पडेन.

दोन प्रश्न राहिले. हेडसर, हजेरीपटाने पाळी लावली तर जो सगळ्यात जास्त चिडवतो त्याची पण येणार, तेव्हा काय करायचं? आणि मानस ताई, स्टिकरचं प्रकरण कसं हाताळू? त्या मुलीच्या आईला अजून माहीत नाही.

मानस_पाटी

स्टिकरचं शाळा उघडायची वाट बघू नका. आधी मुलीशी एकटीशी बोला, तिला काय हवंय ते विचारा, मग तिला सांगूनच आईला बोलवा, तिच्या पाठीमागे नको. पोरांकडून स्टिकर सगळीकडून डिलीट करून घ्या पण त्याआधी मुख्याध्यापकांसमोर काय फिरलं त्याची लेखी नोंद करा. तुमच्या शाळेत मुलींच्या-मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, कागदावर असली तरी तिची मीटिंग बोलवा, हे नेमकं तिचंच काम आहे. स्टिकर अश्लील असेल तर प्रकरण शाळेच्या हातातलं राहत नाही, पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, "पोरांचं करिअर" वगैरे कोणी म्हणालं तरी दाबू नका. साधं चिडवण्यापुरतं असेल तर पोरांना पालकांसोबत वेगवेगळं बोलवा, ग्रुपमध्ये सामूहिक सॉरी अजिबात नको, त्याचा पण स्क्रीनशॉट फिरतो. मुलगी फार कोलमडली असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन पण आहे, चोवीस तास.

निवृत्त_हेडसर

त्याची पाळी येऊ द्या, वगळू नका, वगळलं की पुन्हा जुनीच व्यवस्था आली. फक्त त्या आठवड्यात तुम्ही मधल्या सुट्टीत जिन्याजवळ दिसा, आणि गैरहजर मुलांच्या चौकशीचं काम त्याच्याकडून मनापासून करून घ्या, कोणाच्या घरी काय आहे हे कळलं की पोरगं थोडं बदलतं, सगळीच बदलतात असं नाही. आणि पाळीपत्रक तुमच्या हाताने नका लिहू, वर्गाकडून लिहून घ्या, दाराच्या आत लावा, बाहेर नाही. बाहेर लावलं की ते पाहुण्यांसाठी होतं.

इतवारी_एक्स्प्रेस

पाळीपत्रक चार्ट पेपरवर नाही ना सर? 😅